जानेवारीत पास झालेला बोर्ड मे महिन्यात

पांढरकवड्याच्या पुढे, कापसाच्या पट्ट्यातल्या एका गावात माझं व्हिडिओ एडिटिंगचं काम आहे. नवरा लग्नं शूट करतो, मी घरी बसून ती जोडते. तुळशीचं लग्न लागलं की हंगाम सुरू होतो आणि एप्रिल-मेमध्ये इतक्या तारखा येतात की मशीन रात्रंदिवस चालू असतं. जुना संगणक त्या कामात दमायला लागला, म्हणून मागच्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीत मदरबोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही बदलले. आता त्या बोर्डानं दोन उन्हाळे काढले आहेत, त्यामुळे त्याच्याबद्दल लिहायला हरकत नाही.

बोर्ड बी५५० चिपसेटचा, मायक्रो-एटीएक्स म्हणजे लहान आकाराचा, मधल्या किमतीतला. कंपनीचं नाव लिहीत नाही. एका नगावरून कंपनीला नावं ठेवणं मला पटत नाही, आणि अगदी याच घडणीचे बोर्ड इतरही कंपन्या विकतात. मी जे मोजलं ते तुम्ही तुमच्या बोर्डावर मोजू शकता, नावापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

नागपूरला सीताबर्डीच्या दुकानात ८,७०० रुपयांना घेतला. सोबत रायझन ५ ५६००, सोळा जीबी रॅम, आणि १२० मिलिमीटर पंख्याचा उभा टॉवर कूलर. दुकानदार म्हणाला, "ताई, लग्नाच्या व्हिडिओले ओव्हरक्लॉकवाला बोर्ड कायले पाह्यजे? ए५२० घेऊन जा, दोन हजार वाचतीन." त्याचा हेतू चांगला होता. पण ए५२० वर प्रोसेसरचा क्लॉक, म्हणजे कामाचा वेग, वाढवता येत नाही, बी५५० वर येतो; यालाच ओव्हरक्लॉक म्हणतात. साडेतीन तासांची एक लग्नाची फिल्म बाहेर काढायला माझ्या मशीनला कंपनीच्या सेटिंगवर दोन तास दहा मिनिटं लागतात. हंगामात दिवसाला तशा दोन. त्यातली दहा-दहा मिनिटं वाचली तरी माझ्यासाठी ती खरी मिनिटं आहेत, कारण संध्याकाळी वीज कधी जाईल याचा नेम नसतो आणि यूपीएस जेमतेम पंधरा मिनिटं तग धरतो.

खरेदीच्या वेळी एक गोष्ट विचारून घ्यावी. बी५५० बाजारात आला २०२० च्या जूनमध्ये, आणि रायझन ५ ५६०० आला २०२२ च्या एप्रिलमध्ये. बोर्ड गोदामात जुना पडलेला असेल तर त्यातला बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) हा प्रोसेसर ओळखत नाही. पंखे फिरतात आणि पडदा काळाच राहतो. माझ्या बाबतीत तेच झालं. एसटीनं एवढ्या लांबून आणलेला बोर्ड पडद्यावर काहीच दाखवेना तेव्हा पोटात गोळा आला होता. पण या बोर्डाच्या मागच्या पट्टीवर बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करायचा, नवीन बायोसची फाइल पुस्तिकेत दिलेल्या नावानं त्यात ठेवायची, ठरलेल्या यूएसबी भोकात लावायचा आणि बटण दाबायचं. प्रोसेसर, रॅम काहीही न लावता बायोस बदलतो. पाच-सहा मिनिटं एक लहान दिवा लुकलुकत राहतो. त्या मिनिटांत वीज गेली तर चिपमधला अर्धवट बायोस तसाच राहतो, म्हणून मी यूपीएस दिवसभर चार्ज करून पहाटे पाचला हे काम केलं. कृषिपंपांचा भार नसतो, व्होल्टेज स्थिर असतो. हे बटण असलेल्या बोर्डाला चारशे-पाचशे जास्त पडले तरी खेड्यातल्या माणसानं तोच घ्यावा. जवळचं सर्व्हिस सेंटर नागपूरला आहे. तिथं जाऊन येण्यात दिवस जातो.

मशीन जोडून झालं आणि मी क्लॉक वाढवायला बसणार, तेवढ्यात मामाजी आले. माझे सासरे. त्यांनी सगळी हयात विहिरींवरच्या मोटारी आणि स्टार्टर दुरुस्त करण्यात घालवली. त्यांनी कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला उलट्या बोटानं हात लावला आणि लगेच काढला.

"मुंग्या येऊन राह्यल्या ना बाई इथं. आर्थिंग कधी पायलं?"

मी म्हटलं, "सॉकेटला तिसरी पिन आहे ना मामाजी."

"पिन हाय, पन तिच्यामांगं वायर हाय का? अन् खड्ड्यात मीठ-कोयसा हाय का? आदी ते पाह्य, मंग तुवं टेस्टिंग कर."

मल्टिमीटर लावला. कॅबिनेट आणि अंगणातल्या ओल्या मातीत ठोकलेली सळई यांच्यात १०४ व्होल्ट. अर्थिंग तुटलेलं असलं की एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) फिल्टरमधल्या कपॅसिटरमुळे पत्र्यावर जवळजवळ अर्धा व्होल्टेज तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असतो, मुंग्या येतात इतकाच. पण त्याच पत्र्याला माझा बोर्ड स्क्रूनं कसलेला, त्याच पत्र्यातून यूएसबीचं ग्राउंड, आणि तिथेच मी ग्राहकांच्या हार्ड डिस्क लावते. मामाजींनी दोन दिवसांत खड्डा उकरला, जुनी पट्टी गंजून खपली झाली होती ती बदलली, मीठ-कोळशाचे थर भरले आणि वर पाणी सोडायला पाइपचा तुकडा उभा केला. नंतर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात २ व्होल्ट आले. उन्हाळ्यात माती सुकली की हा आकडा वर चढतो, म्हणून मार्चपासून दर आठवड्याला त्या पाइपात दोन बादल्या पाणी ओतते. मदरबोर्डच्या परीक्षणात अर्थिंगचा खड्डा कशाला, असं कुणाला वाटेल. पण अर्थिंग नसताना मिळालेल्या एकाही आकड्यावर मी विश्वास ठेवला नसता.

आता खरी चाचणी. जानेवारीची सकाळ, खोलीत २२ अंश. सगळं कंपनीच्या सेटिंगवर ठेवून सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरला राबवून गुण देणारी चाचणी) अर्धा तास चालवलं. गुण १०,७०० च्या आसपास, प्रोसेसर ६२ अंश. मला प्रोसेसरपेक्षा व्हीआरएम पाहायचं होतं. बोर्डावर प्रोसेसरच्या डाव्या आणि वरच्या बाजूला चौकोनी राखाडी चोक आणि काळ्या मॉसफेट चिपांची रांग असते ना, ते व्हीआरएम. एसएमपीएसचे १२ व्होल्ट उतरवून ते प्रोसेसरला साधारण सव्वा व्होल्ट देतं, आणि तेवढ्या कमी व्होल्टेजवर ७६ वॉट द्यायचे म्हणजे साठेक अँपिअर करंट. तो सगळा ताप त्या चिपा सोसतात. या बोर्डावर डाव्या रांगेवर अॅल्युमिनियमचं हीटसिंक आहे, वरच्या रांगेतल्या चिपा उघड्या. त्या उघड्या रांगेतल्या मधल्या चिपेला मी मल्टिमीटरची तापमान मोजायची वायर चिकटवली, कारण सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा आकडा बोर्डाच्या एकाच जागेचा असतो आणि इथं तो हीटसिंकच्या बाजूचा होता. सॉफ्टवेअर सांगत होतं ४९, वायर सांगत होती ५८.

मग ओव्हरक्लॉक. सगळ्या सहा कोअरना ४.६ गीगाहर्ट्झ. इथं बोर्डाची पहिली खोड कळली. क्लॉक हातानं दिला आणि व्होल्टेज ऑटोवर सोडला, तर यानं १.३८ व्होल्ट चढवले. गरज नव्हती. मी एकेक पायरी उतरवत गेले आणि १.२७५ वर मशीन स्थिर राहिलं. नव्यानं करणाऱ्यानं व्होल्टेज कधीही ऑटोवर सोडू नये. लोड-लाइन कॅलिब्रेशनचंही तसंच. ओझं आलं की व्होल्टेज किती खाली बसू द्यायचा ते हे सेटिंग ठरवतं. पण काही कंपन्यांमध्ये लेव्हल १ म्हणजे सगळ्यात कडक आणि काहींमध्ये लेव्हल १ म्हणजे सगळ्यात सैल. दुसऱ्या कंपनीच्या बोर्डाचा व्हिडिओ पाहून तोच आकडा इथं टाकला तर बरोबर उलटं होईल. माझ्या पुस्तिकेत कुठली बाजू कडक ते लिहिलेलंच नाही. मी प्रत्येक लेव्हलला मोजून वहीत मांडलं.

४.६ वर गुण ११,३०० झाले. तीच फिल्म दोन तास तीन मिनिटांत निघाली. वीज मात्र ७६ वॉटवरून ९१-९२ वर गेली. हिशेब सोपा आहे: वीज क्लॉकच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ओझ्याखाली आधी १.२० व्होल्ट होते, आता १.२७५. त्याचेच तेरा टक्के झाले, क्लॉकचे सहा मिळून वीसेक टक्के वीज जास्त. काम वाढलं साडेपाच टक्के. वरच्या रांगेची चिप ७४ अंशांवर थांबली. शंभराच्या कितीतरी खाली. प्रोसेसरला सगळ्यात जास्त राबवणारं प्राइम९५ रात्रभर चालवलं, काही झालं नाही. मी वहीत लिहिलं: पास.

मे महिना आला. आमच्याकडचा मे ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको. बाहेर ४५, कधी ४६. दुपारी दोनला वीज गेली की खिडकीतला कूलर बंद, खिडक्या लावलेल्या. त्या दुपारी वीज चाळीस मिनिटांनी आली. खोलीत ४१ अंश झाले होते. रात्री वरातीच्या घरी पेनड्राइव्ह द्यायचा होता, म्हणून कूलर खोली थंड करायच्या आधीच मी एक्स्पोर्ट लावला. हिशेब करून ठेवला होता. जानेवारीत चिप खोलीपेक्षा ५२ अंश वर जात होती. म्हणजे ४१ अधिक ५२, ९३ व्हायला हवेत. अर्ध्या तासात ९७ झाले. गरम चिपेतून वीज जास्त गळते, त्यानं आणखी ताप होतो. थंडीतला फरक तसाच्या तसा उन्हाळ्यात लागू पडत नाही, चार-पाच अंश वरच धरावे लागतात. चाळिसाव्या मिनिटाला वायर १०३ दाखवत होती आणि क्लॉक एकदम अर्ध्या गीगाहर्ट्झवर कोसळला. बोर्डानं स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा गळा आवळला होता. पडद्यावर उरलेला वेळ आधी एक तास होता, तो पाच तास झाला. जळलं काही नाही, त्याबद्दल बोर्डाला पूर्ण गुण देते. संरक्षण वेळेवर चाललं. पण ज्या सात मिनिटांसाठी मी हे केलं, त्याच्यापायी त्या रात्री पेनड्राइव्ह साडेअकराला पोचला.

त्यानंतर माझी चाचणीची तारीख बदलली. आमच्या भागात मशीन तपासायचं तर मे महिन्यात दुपारी दोनला, दार लावून. डिसेंबर-जानेवारीत काढलेला आकडा दुसऱ्याला सांगायचा असेल तर सोबत खोलीचं तापमान सांगावं, नाहीतर त्या आकड्याचा ऐकणाऱ्याला उपयोग नाही.

मग मी उलट्या बाजूनं सुरुवात केली. क्लॉक हातानं बांधून टाकायचा नाही, बायोसमधल्या प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह या सेटिंगमध्ये जाऊन कर्व्ह ऑप्टिमायझर वापरायचा. प्रत्येक क्लॉकला प्रोसेसर जेवढा व्होल्टेज मागतो त्यातून थोडा थोडा कापायचा. त्याच ७६ वॉटमध्ये मग तो आपणहून वरच्या क्लॉकवर जातो. सहाही कोअरना उणे २० दिले. सिनेबेंच पास, प्राइम९५ पास. तिसऱ्या दिवशी मी फक्त फोल्डरांना नावं देत बसले होते, मशीनवर काहीच ओझं नव्हतं, आणि ते झटकन रीस्टार्ट झालं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे चुकांच्या नोंदीत, व्हीया-लॉगर, क्रमांक १८: हार्डवेअरची चूक. कर्व्हची गंमत इथं आहे की तो जड कामात नाही, हलक्या कामात फसतो. ओझं नसताना एखादा कोअर क्षणभर सगळ्यात वरच्या क्लॉकला उडी मारतो, आणि तेव्हाच कापलेला व्होल्टेज कमी पडतो. त्यासाठी कोअरसायकलर नावाचं फुकटचं साधन आहे, ते एका वेळी एकेका कोअरला तपासतं. दोन रात्री चालवल्यावर माझे दोन सगळ्यात चांगले कोअर उणे २० ला अडखळत होते असं निघालं. चांगला कोअर आधीच कमी व्होल्टेजवर चालत असतो, त्याच्यात कापायला उरतं कमी. त्या दोघांना उणे ८ ठेवलं, बाकीच्या चौघांना उणे २०. तेव्हापासून रीस्टार्ट नाही.

आकडे: ७६ वॉटमध्येच ११,१५० गुण, फिल्म दोन तास पाच मिनिटांत. म्हणजे बांधलेल्या ४.६ पेक्षा दोन मिनिटं मागे आणि पंधरा वॉट कमी. मेमध्ये मी मर्यादाच ६० वॉटवर आणते. तेव्हा गुण १०,६०० येतात, जवळजवळ नव्या कोऱ्या सेटिंगइतकेच, आणि ४१ अंशांच्या खोलीत ती उघडी चिप ७३ वर राहते. यूपीएसलाही दोन-अडीच मिनिटं जास्त मिळतात. बायोसमध्ये सेटिंग साठवायच्या जागा आहेत. एकीला मी 'हिवाळा' नाव दिलं, दुसरीला 'मे'.

रॅमबद्दल मात्र मनापासून सांगते, घाई करू नका. ३२०० ची रॅम मी ३६०० वर नेली. बोर्डानं विनातक्रार नेली, प्रोसेसरच्या आतला, रॅमशी जोडणारा फॅब्रिक १८०० वर, सगळं जुळलेलं. वीस मिनिटं तपासलं आणि कामाला लावलं. आठ दिवसांनी हळदीची एक क्लिप पाहताना नवरीच्या आईच्या चेहऱ्यावर हिरवे चौकोन दिसले. मूळ कार्डावर ती क्लिप स्वच्छ होती. कॉपी करतानाच बिघडली होती. कार्ड अजून फॉरमॅट केलं नव्हतं म्हणून ती हळद वाचली. रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ लावलं तर पहिल्या दोन फेऱ्या निर्मळ, तिसऱ्या फेरीत चूक. प्रोसेसरचा ओव्हरक्लॉक फसला तर मशीन बंद पडतं, लगेच कळतं. रॅमचा फसला तर मशीन चालत राहतं आणि लोकांच्या आठवणी गुपचूप खराब करतं. पुन्हा ३२०० वर आले, चारही फेऱ्या दोनदा चालवल्या, आणि आता तिथून हलणार नाही. माझ्याकडे लोक आयुष्यात एकदाच होणारी गोष्ट ठेवायला देतात.

बोर्डाच्या बाकीच्या गोष्टी. कॅबिनेटच्या पंख्यांसाठी दोनच जोड आहेत आणि त्यातला एक बरोबर ग्राफिक्स कार्डाखाली. उन्हाळ्यात व्हीआरएमवर छोटा पंखा लावायचा तर वायर वळसा घालून न्यावी लागली. एनव्हीएमई एसएसडीची जागाही कार्डाखालीच, त्यामुळे ती तापते. चूक झाली की कुठं अडलं ते दाखवणारे चार दिवे आहेत, सीपीयू, रॅम, कार्ड, बूट. ते मला फार आवडले, फोनवर नवऱ्याला "दुसरा दिवा पेटलाय" एवढं सांगितलं की त्याला रॅम काढून पुसायची हे कळतं. ओव्हरक्लॉक बिघडून पडदा आला नाही तर बोर्ड तीन प्रयत्नांनंतर आपोआप मूळ सेटिंगवर येतो. माझ्याकडे तो दर वेळी आला, सेटिंग पुसण्यासाठी सीएमओएसच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हर लावायची वेळ एकदाही आली नाही. बोर्डाला तीन वर्षांची वॉरंटी. प्रोसेसरच्या वॉरंटीत मात्र ओव्हरक्लॉकनं झालेलं नुकसान बसत नाही, आणि त्यात प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्हही धरलेला आहे. सुरुवात करण्याआधी हे माहीत असावं.

गावातल्या धुळीबद्दल थोडं. आमच्या रस्त्याला जिनिंग आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत हवेत सरकीचा बारीक तंतू उडत असतो, आणि तो टॉवर कूलरच्या पात्यांमध्ये शिरून नमद्यासारखा बसतो. फेब्रुवारीत मी काढला तेव्हा अखंड चादर निघाली, आणि प्रोसेसर लगेच ९ अंशांनी उतरला. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. टॉवर कूलर काढायचा असेल तर आधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करा, मग कूलर डावीकडे-उजवीकडे हळू फिरवत सोडवा. एएम४ मध्ये (या बोर्डाच्या सॉकेटचा प्रकार) पिना प्रोसेसरला असतात. थंड असताना सरळ ओढला तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आणि खिडकीतल्या कूलरचा झोत कॅबिनेटवर सरळ घेऊ नका. आमच्या बोअरच्या पाण्याला क्षार फार. मागच्या मशीनच्या बोर्डावर पांढरी पावडर जमलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. मी कॅबिनेट खिडकीच्या काटकोनात, फरशीपासून वीतभर वर ठेवलंय.

हाच बोर्ड पुन्हा घेईन का? सहा कोअरच्या प्रोसेसरसाठी, होय. आठ किंवा बारा कोअर टाकून रोज रेंडर करायचा असेल आणि खोलीला एसी नसेल, तर नाही. तेव्हा दोन्ही रांगांवर हीटसिंक असलेला बोर्ड घ्या, दुकानात डबा उघडून प्रोसेसरच्या वरची रांग स्वतः पाहा. चित्रात ती बहुतेक वेळा पंख्याच्या सावलीत असते.

परवा मामाजींनी विचारलं, "यंदा किती गेलं मीटर?" ते चिपेच्या वायरला मीटर म्हणतात. मी सांगितलं, खोलीत ४०, चिप ७२. त्यांनी मान हलवली आणि पाण्याची बादली घेऊन खड्ड्याकडे गेले.